मिटलं म्हणून सांगायला कोण येतं

आमच्या समोरच्या घरातल्या बाई दुसरीच्या वर्गाला शिकवायच्या आणि मधल्या सुट्टीत शाळेचं मैदान सांभाळायच्या. वर्ग ही त्यांची नोकरी होती, मैदान हा जीव. आई गेल्यापासून घरात त्या एकट्याच. दुसऱ्या गावी राहणारा धाकटा भाऊ रविवारी फोन करायचा. अलीकडे बाई फोन उचलायच्या, “हो हो, बरं आहे सगळं,” म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. भावाला वाटलं, ताईला आपला कंटाळा आला. मग त्याचेही फोन विरळ झाले.

खरी गोष्ट अशी होती की बाईंना ऐकू येईनासं झालं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या मोरीतला नळ धो धो वाहत राहायचा आणि त्या शेजारच्याच खोलीत वह्या तपासत बसलेल्या असायच्या. मी जाऊन बंद करायचे. “विसरलेच बघा वहिनी,” त्या म्हणायच्या. वर्गातल्या प्रत्येक मुलाची भावंडंसुद्धा ज्यांना पाठ, त्या नळच तेवढा कशा विसरतात, हे मी कधी विचारलं नाही.

मैदानावर मात्र पंचाईत होती. मुलं भांडली की घोळक्यानं बाईंवर येऊन आदळायची. याने माझी पाळी खाल्ली, ती आउट झाली तरी जात नाही, आधी हिनंच चिमटा काढला, आणि सगळं एका दमात. पूर्वी बाई यातून चुटकीसरशी न्याय करायच्या. आता त्यांना नुसती हलणारी तोंडं दिसायची. एके दिवशी वैतागून त्या म्हणाल्या, “जा त्या पाण्याच्या टाकीमागे. एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं गप्प राहायचं. अंगाला हात लावायचा नाही. ठरलं की दोघांतल्या एकानंच येऊन मला सांगायचं.”

त्यांना फक्त एक चेहरा समोर हवा होता. एका माणसाचे ओठ त्यांना वाचता येत. पण मुलांना यात भलताच मान वाटला. नाक पुसत गेलेली पोरं हसत परत आली. महिनाभरात टाकीमागे जाण्याची अशी रीत पडली की आमच्या धाकटीनं ती घरीही आणली. मी आणि हे पंख्यावरून जरा वरच्या पट्टीत बोलत होतो, तर कार्टी म्हणते, “तुम्ही दोघं टाकीमागे जा बरं.”

शाळेच्या मोठ्या बाई खूश. आमची मुलं आपली भांडणं आपण सोडवतात, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. शिक्षकांच्या सभेत यावर बोला, म्हणून बाईंच्या मागे लागल्या. बाई म्हणाल्या, घसा बसलाय. तो घसा वर्षभर बसलेलाच राहिला, कारण बोलणं झाल्यावर सभेत लोक प्रश्न विचारतात.

चौथीतली एक उंच मुलगी होती. शिक्षक तिला वकिलीणबाई म्हणत. बोलणं खणखणीत, शब्द न् शब्द सुटा. भांडण कुठलंही असो, निकाल सांगायला तीच यायची. “बाई, मिटलं.” तिचे ओठ बाईंना छापील पुस्तकासारखे वाचता यायचे. “शाब्बास,” बाई म्हणायच्या, आणि तो दिवस त्यांना चांगला गेल्यासारखा वाटायचा.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, तर कोपऱ्यावरच्या दुकानातली इस्त्रीवाली आली. तिची मुलगी बाईंच्याच वर्गात. ती दारातच उभी राहून, खाली बघत, भरभर बोलत सुटली. बाई मान डोलवत होत्या. ती थांबल्यावर हसून म्हणाल्या, “हो हो, हुशार आहे हो तुमची मुलगी.”

इस्त्रीवाली माझ्याकडे बघायला लागली. “वहिनी, मी काय बोलतेय न् या काय बोलतायत?”

मी बाईंच्या समोर जाऊन बसले आणि सावकाश सांगितलं, “ती म्हणतेय, झोपाळ्यावर तिच्या मुलीची पाळी कधी येतच नाही. टाकीमागे ती चौथीतली उंच मुलगी हिला भिंतीकडे तोंड करून उभी करते, आणि मिटलं म्हणून तुम्हाला सांगायला स्वतः येते.”

बाईंचं हसू तसंच राहिलं, ते पुसायला त्या विसरल्या. “मग तिनं मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं की,” इस्त्रीवाली म्हणाली. “बाही ओढून सांगितलं. तुम्ही तिला शाब्बास म्हणालात.”

हे वाक्य गाळावं असं मला फार वाटलं. पण इस्त्रीवाली माझ्याकडे बघत होती. मी तेही सांगितलं.

ती गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, “तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?”

“नळामुळे कळलं.”

“मोठ्या बाईंना कळलं तर मैदान जाईल. आणि जायलाच हवं. पडलेल्या पोराची हाक ऐकू यायला नको का? वर्गात एकेकाला उभं करून निभावून नेते मी. पण वहिनी, मैदान गेलं तर दिवसभरात माझ्याकडे धावत कोण येणार आहे?”

मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशीचं धाकटीनं सांगितलं. बाई टाकीच्या पायरीवर बसल्या, इस्त्रीवालीच्या मुलीला समोर उभं केलं आणि तिची हनुवटी वर केली. “मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून सांग.”

“म्हणजे तेव्हा ऐकू आलंच नव्हतं?”

“नाही.”

“मग शाब्बास का म्हणालात?”

“मला वाटलं, मिटलं असेल.”

मुलीनं मग सगळं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे नियम बदलला. यापुढे ज्याला कमी मिळालं, त्यानं सांगायला यायचं. वकिलीणबाई पुढे सरसावल्या. “मग दोघंही म्हणतील, मला कमी मिळालं.”

“म्हणू देत. अजून मिटलेलं नाही, एवढं तरी कळेल.”

मुलांच्या पोटात काही राहतं का? शाळा सुटायच्या आत मोठ्या बाईंपर्यंत गेलं. त्या वाईट नाहीत. “आधी सांगायचं होतंत हो,” एवढंच म्हणाल्या, आणि मैदान खेळाच्या सरांकडे दिलं. मधल्या सुट्टीत बाईंनी पुस्तकांची खोली बघायची असं ठरलं. बाईंनी कानाचं यंत्र घेतलं. एकाशी बोलताना ते चालतं, घोळक्यात मात्र सगळ्यांचा एकच गोंगाट होतो.

रविवारी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलं ताई रागावलीय.” मी ते बाईंना सांगितलं. “त्याला म्हणावं, रागावलीस का म्हणून विचारलं नाहीस तूही,” त्या म्हणाल्या. येतो म्हणाला. अजून आलेला नाही.

पुस्तकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत कोण फिरकणार? मुलं मैदानावर, आणि सर मुलांना ‘मिटवा तुमचं तुम्ही’ म्हणून मोबाइल बघत बसतात, असं धाकटी सांगते. परवा मात्र बाई स्वतःहून माझ्याकडे आल्या, चप्पल न काढताच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“आज ती आली होती. इस्त्रीवालीची. थेट माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, झोपाळ्यावर आज बसले, पण थोडंच. अजून कमीच आहे.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काही नाही. सगळं ऐकून घेतलं. परत जाऊन अजून माग म्हटलं. ती लगेच पळाली.”

“आणि मग?”

“मग काय. ती खेळायला गेली ती गेली, सुट्टी संपेपर्यंत आलीच नाही.” त्या जायला वळल्या. “मिळालं असणार तिला.”