डब्याआधी पोचलेली नोटीस

राजारामपुरीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी मोटारीनं मला उडवलं तेव्हा माझ्या पाठीवरची जेवणाची पिशवी रिकामी होती. ऑर्डर पोचवून मी मोटरसायकलवरून परत येत होतो.

मी शाहूवाडीकडचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वसतिगृहात राहून शिकलो. ज्यांनी फी भरायला मदत केली, जुनी पुस्तकं दिली, त्या सगळ्यांचे चेहरे मला अजून आठवतात. पदवीनंतर सकाळी अभ्यासिकेत बसायचं आणि संध्याकाळी घरोघरी जेवण पोचवायचं, असं चाललं होतं. गल्ल्या पाठ होत्या, पण त्यांतल्या एकाही घरात मी उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो.

मोटार चालवणारे काका साठीचे, त्याच गल्लीत राहणारे. ते पळून गेले नाहीत. त्यांनीच लोकांना हाका मारून मला मोटारीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. आत सळई घातली. पोलिसांत नोंद दवाखान्यातूनच झाली.

ते दिवस भातलावणीचे होते. आई दोन रात्री माझ्या उशाशी बसली. लावणीचं रोप तरव्यात, वाफ्यातच वाढून चाललंय हे ती बोलली नाही, पण मला कळत होतं. मीच तिला परत पाठवलं.

त्या दिवशी दुपारी काकू आल्या, म्हणजे काकांच्या पत्नी. हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. मी संकोचून नको म्हणालो.

"गप जेव की. पोटाशी कसला राग?" त्या म्हणाल्या.

"राग नाही काकू, पण..."

"पण न्हाय न् बिण न्हाय. भाकरी गरम हाय तवर खा."

मग डबा रोज येऊ लागला. कधी काकू, कधी काका. शेजारच्या खाटेवर शिरोळकडचे एक शेतकरी होते, ट्रॅक्टरनं हात मोडलेले. ते डब्याकडं बघून म्हणायचे, "पावणं, नशीब काढलंस. उडवणारी गाडी बी त्यांची आन् डबा बी त्यांचाच. आमच्या ट्रॅक्टरवाल्यानं अजून चा बी पाजला न्हाय." काका ओशाळून हसायचे आणि त्यांनाही आमटी वाढायचे.

खोलीवर आल्यावरही डबा थांबला नाही. अख्ख्या कोल्हापुरात माझ्या दारावर थाप मारणारी तेवढीच दोन माणसं. दुपार झाली की मी कुबड्या जवळ ओढून जिन्याकडं कान लावून बसायचो. गौरीच्या सणाला पुरणपोळ्या आल्या तेव्हा मी म्हणालो, "काकू, आता मी उभा राहून थोडा थोडा स्वयंपाक करतो. किती दिवस त्रास घेणार?" तो शेवटचा डबा घासूनपुसून मी फळीवर ठेवला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "रिकामा नेऊन देऊ नगंस बाबा. त्यांनी एवढं केलंय. नवा तांदूळ निघू दे, भरून दे." आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. घरात काहीच नसलं तर निदान चमचाभर साखर घालतात. पण ह्या डब्यात चमचाभर साखर घालून कसं चालेल? मी दिवाळीची वाट बघत राहिलो.

दरम्यान ज्या कंपनीचं जेवण पोचवत होतो तिचं उत्तर आलं. अपघाताच्या वेळी माझ्याकडं ऑर्डर नव्हती, म्हणजे मी कामावर नव्हतो. त्यामुळं त्यांचा विमा मिळणार नाही. डॉक्टर म्हणाले, गुडघा पूर्ण वाकायला आणखी एक शस्त्रक्रिया लागेल. तोवर मोटरसायकल बंद, आणि गावी जावं तर शेतात वाकताही येणार नाही. भरपाई मिळाली नाही तर पायही गेला आणि शहरही गेलं, अशी वेळ आली होती.

कॉलेजात माझ्या पुढं असलेल्या एक ताई आता वकिली करतात. त्यांनी फी न घेता कागद बघितले. "भरपाई मोटारीच्या विमा कंपनीकडं मागायची. पण मालकाचं नाव घालावंच लागतं, ते टाळता येत नाही. पैसे कंपनी देते, त्यांच्या खिशाला हात लागत नाही."

मी सही केली. ठरवलं होतं की तांदूळ निघाला की डबा घेऊन जायचं आणि काकांना समोर बसून सगळं समजावून सांगायचं. कोर्टाच्या नोटिसा निघायला वेळ लागतो, असं मी ऐकलं होतं. भात अजून शेतातच उभं होतं तेव्हा काकांचा फोन आला.

"नोटीस आली रं."

"काका, मी येऊन सांगणारच होतो. पैसे विमा कंपनी..."

"पैशाचं कोण बोलतंय? कागदावर माझं नाव हाय. जल्म गेला ह्या गल्लीत, दारात कोर्टाचा मानूस कधी आला नव्हता. तू आधी आला असतास तर मीच तुला वकिलाकडं नेलं असतं की." मग म्हणाले, "आन् डबा ऱ्हाऊ दे तुलाच."

आईनं तांदूळ पाठवला. मी डबा भरला, पण तिथवर जायचं धाडस झालं नाही. दुपारी जिन्यावर पावलं वाजायची, ती वरच्या मजल्यावर जायची. दावा लांबला. पुढच्या दिवाळीला डब्यातला जुना तांदूळ मी शिजवून खाल्ला आणि नवा भरला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच केलं.

कोर्टात विमा कंपनीचे वकील म्हणत होते की मीच वेगात होतो. काका साक्षीला उभे राहिले. "न्हाय साहेब. वळताना माझंच लक्ष नव्हतं. पोराची चूक न्हाय." दावा मंजूर झाला तो ह्या शब्दांवर. मी बाहेर येईपर्यंत ते निघून गेले होते.

शस्त्रक्रिया झाली. पाय आता बराचसा वाकतो. मी एका क्लासमध्ये शिकवतो. कुबडीशिवाय चालता येऊ लागल्यावर डबा घेऊन, जिना चढून त्यांच्या दारात गेलो. काकूंनी दार उघडलं. आधी पायाकडं बघितलं, मग डब्याकडं. झाकण उघडून त्यांनी तांदूळ चिमटीत घेतला, वास घेतला.

"घरचा?"

"होय काकू. ह्या वर्षीचा."

"पाय दुखतोय का?"

"थंडीत थोडा."

त्या आत गेल्या. भांड्यात तांदूळ ओतल्याचा आवाज आला. आत काका होते, त्यांचा खोकला ऐकू आला. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो, जेवण पोचवायला यायचो तेव्हा उभा राहायचो तसाच. काकू परत आल्या. डबा त्यांचा होता, तो आत राहिला. त्यांनी माझ्या तळहातावर थोडी साखर ठेवली.

"सावकाश जा," त्या म्हणाल्या.

'येत जा' म्हणतील म्हणून मी जरा थांबलो. मग साखर तोंडात टाकली आणि जिना उतरलो. खोलीवर आल्यावर पहिल्यांदा लक्ष गेलं ते डबा असायचा त्या रिकाम्या फळीकडं.