विमलकाकू बघायला निघाल्या

विमलकाकूंना बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. कप हातात घेऊन त्या दारात जायच्या, दारातून अंगणात, अंगणातून फाटकाशी. फाटकासमोरून हमरस्ता गेलेला. जाणाऱ्या एकेका गाडीमागे मान फिरवत त्यांचा चहा उभ्यानंच संपायचा. आत येऊन तवा चुलीवर ठेवला, की पुन्हा एक फेरी.

"काकू, कुणाची वाट बघताय?" मी एकदा विचारलं.

"कुणाची न्हाई. ह्या समद्या कुठं चालल्यात ते बघते. एवढ्या गाड्या जात्यात म्याडम, एकबी आपल्याला घिऊन जात न्हाई."

चौसाळ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. त्यांचे यजमान तात्या म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. बागायती जमीन, एकदा पंचायत समितीवर निवडून आलेले, पुढच्या खेपेला पडले तरी बैठकीतली माणसं हटली नाहीत. दारातली पांढरी गाडी सदा त्या माणसांनी भरलेली. काकूंना तिच्यात जागा मिळायची ती लग्नाला, मयतीला नाहीतर देवाला जाताना. तीही मागच्या सीटवर, मांडीवर आहेराच्या पिशव्या घेऊन.

आणि काकूंना जायचं होतं संभाजीनगरला. त्या जुन्या सवयीनं औरंगाबादच म्हणायच्या. देवगिरीचा किल्ला, पाणचक्की, मकबरा, सगळं एका दिवसात करून दिवेलागणीला परत. तिथं त्यांचं कुणी नातेवाईक नव्हतं, काही काम नव्हतं, नवस तर नव्हताच. "बाईनं कारणाशिवाय घर सोडू नये आसा काय कायदा हाय का?" त्या म्हणायच्या. "मला नुस्तं बघायचंय."

संध्याकाळी भाकरी झाल्या की त्या माडीवर यायच्या आणि खोलीत येरझारा घालत बेत रचायच्या. अंधारात निघायचं, मांजरसुंब्याच्या घाटात उजाडलं पायजे, शहागडच्या पुलावर थांबून गोदामाय बघायची. आज किल्ला आधी, तर उद्या पाणचक्की आधी. बेत रोज बदलायचा. धपाटे आणि शेंगांची चटणी तेवढी कायम.

एकदा खरोखरच निघायचं ठरलं. धपाटे बांधून झाले, काकू इरकल नेसून फाटकात उभ्या राहिल्या, आणि तात्यांचा एक कार्यकर्ता धावत आला. कुणाच्या तरी सोयरिकीची बैठक अचानक ठरली होती. गाडी गेली. काकूंनी धपाटे गड्यांना वाटून टाकले आणि त्याच साडीत विहिरीपर्यंत जाऊन आल्या. मग पुन्हा गेल्या. मी सोबतीला गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पायाला चाकं हायत म्याडम, पर इंजिन दुसऱ्याच्या ताब्यात."

त्यानंतर काकूंचे दात दुखायला लागले. दर दोन-चार दिवसांनी त्या एसटीनं बीडला जायच्या, दुपारी परत यायच्या. त्यांचे दात उसाचं कांडं सोलतील असे होते, पण तात्यांना शंका आली नाही. एका संध्याकाळी काकू माडीवर आल्या, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "आज लायसन मिळालं. रानात ट्रॅक्टर चालवायचे मी, आमचे हे मुंबईला गेले की. पर गाडीचं गेअर लई नाजूक."

दिवाळी उलटली. तात्या एका पुढाऱ्याच्या गाडीतून मुंबईला गेले आणि पांढरी गाडी अंगणात राहिली. सोमवारी परतायचे होते. दोन दिवसांनी रविवार. पहाटे काकूंनी खुंटीवरची किल्ली काढली आणि मला शेजारच्या सीटवर बसवलं. गाडीचा आवाज ऐकून शेजारच्या सखूबाई बाहेर आल्या.

"कुठं गं विमल?"

"औरंगाबादला. बघायला."

"कुणाला? पोरगी का पोरगा?"

"किल्ला!" काकू म्हणाल्या आणि गेअर टाकला.

घाटात उजाडलं. दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं पिवळी पडायला लागली होती. समोरून ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रॅक्टर येत होते. बोचक्यांवर बसलेल्या एका बाईनं आमच्या गाडीकडे पाहिलं, स्टिअरिंगवर काकू दिसल्या तशी शेजारणीला कोपरानं ढोसलं. काकूंनी हॉर्न वाजवला. एरवी त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर, खांदे कानांपर्यंत चढलेले.

शहागडला पुलाच्या अलीकडे गाडी उभी केली आणि फोन वाजला. तात्या एक दिवस आधीच परतले होते. काकूंनी फोन कानापासून लांब धरला. तात्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"गाडी कुठंय?"

"माझ्यापाशी."

"चालवतंय कोण?"

"मीच."

 "कशाला गेलीस? कुणाचं काय झालंय?"

"कायबी झालं न्हाई. कुणी मेल्यावरच जायाचं का?"

"आगं, हितं माणसं बसल्यात!"

"चहापत्ती निळ्या डब्यात हाय. साखर तिच्यामागं." काकूंनी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. 

"परत फिरायचं का काकू?" मी विचारलं.

त्या पुलाकडे चालायला लागल्या. "परत तर जायाचंच हाय. आधी जाऊन तर यिऊ."

किल्ल्याच्या अंधाऱ्या वाटेत वटवाघळांच्या वासानं त्यांनी पदर नाकाला लावला आणि माझा हात घट्ट धरला. पुढच्या पायऱ्यांवर गुडघे बोलायला लागले. कॉलेजची पोरं भराभर पुढे जात होती. काकू थांबत, दम घेत, पण "बास" म्हणाल्या नाहीत. वरच्या बारादरीत पोचल्यावर मी मटकन खाली बसले. काकू मात्र एका कमानीतून दुसऱ्या कमानीत फिरायला लागल्या. वाऱ्यानं पदर उडत होता. खाली मिनार, तटबंदी, सगळा मुलूख.

"त्यो रस्ता कुठं जातो?"

"वेरूळला."

"आन् मंग?"

"कन्नड, चाळीसगाव, धुळं."

"आन् त्याच्या पुढं?"

मी नुसता उत्तरेकडे हात केला. काकू हसल्या. घरात असं हसताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. "लई हाय म्याडम," त्या म्हणाल्या. "लई राह्यलंय."

पाणचक्की आणि मकबरा पळतच पाहिले. दिवस बुडाल्यावर घरी पोचलो, तर तात्या ओट्यावर बसलेले. त्यांनी हात पुढे केला, किल्ली घेतली आणि आत गेले. कित्येक दिवस दोघांत बोलणं नव्हतं. किल्ली त्यानंतर खुंटीवर दिसली नाही. ती तात्यांच्या खिशात असायची.

जूनमध्ये माझी बदली परळी तालुक्यात, धर्मापुरीला झाली. काकूंचे फोन यायचे. "तिथून बिदर किती लांब पडतं? तुमच्या गावचं जुनं मंदिर बघते, मुक्काम करते, मंग तिथूनच जाऊ." प्रत्येक फोनला बेत नवा. गाडी कुठून आणणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मागच्या थंडीत त्यांच्या छातीत कळ आली. बीडच्या दवाखान्यात दोन रात्री काढल्या आणि गेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा बैठकीतली माणसं तात्यांनी लवकरच वाटेला लावली. मग माझ्यासमोर खाली सतरंजीवर बसले.

"म्याडम, त्या दिशी तिनं काय काय बघितलं? मला कधी इचारणं झालंच न्हाई."

मी घाटापासून सांगायला लागले. ऊसतोडीच्या बायका, नदी, अंधारी वाट. ते मधेच थांबवायचे. "घाटात गाडी गरम झाली न्हाई?" नाही म्हटलं. "दुसऱ्या गेअरात चढवली आसंल," ते स्वतःशीच म्हणाले. कमानीतून कमानीत फिरणाऱ्या काकू सांगितल्या, तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "माझ्यावर चिडून गेलती का ती?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी खरं तेच सांगितलं. "तुमचा फोन झाला, त्यानंतर दिवसभर त्यांच्या तोंडून तुमचं नावसुद्धा निघालं नाही."

तात्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. मग मान वर केली.

"म्हंजे खुशीत होती," ते म्हणाले.