मी सांगेन तेव्हाच

दवाखान्याच्या इन्चार्ज सिस्टरने मला फसवलं आणि मी एका पोरीला फसवलं. क्रम असाच आहे. तो उलटा करून सांगणाऱ्याशी मी आजही भांडते.

सानगडीच्या बाजारात मी भाजी विकते. डोक्यावरच्या टोपलीपासून सुरुवात केली, आज दुकान माझं आहे आणि भाव ठरवताना मला हरवणारं गिऱ्हाईक अजून यायचं आहे. बाजार नसतो तेव्हा मी बाळंतिणींबरोबर दवाखान्यात जाते. मी सुईण नाही. नाळ कापत नाही, औषध देत नाही. उशाशी बसते, कंबर दाबते, घाम पुसते आणि बोलत राहते. पहिलटकरणी भलत्याच वेळी जोर लावून थकून जातात. म्हणून सातव्या महिन्यापासून मी प्रत्येकीला एकच गोष्ट शिकवायची. आत दहा जणी ओरडतील, तू कोणाचं ऐकू नको. डॉक्टर काय म्हणतात ते मी ऐकेन आणि तुला सांगेन. मी सांगेन तेव्हाच जोर लाव.

करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक सून दिवसांत होती. माहेर कोंढ्याचं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण गावोगावच्या वाटांवर गावबंदीच्या लाकडी बल्ल्या आडव्या पडल्या होत्या. नवरा ट्रक घेऊन गेलेला, दूर कुठेतरी अडकलेला. तिच्या आईने मला फोन केला. "जयभीम बाई. मले येऊ देऊन नाही राहिले. माह्या जागी तुमी बसा."

पोरगी दवाखान्याला घाबरत होती. "मावशी, तेथं एकटीले ठेवतेत म्हणे. मी घरीच बाळंत होतो."

"घरी कायले? मी हाओ ना."

"आत येशीन?"

"येईन."

"खरंच?"

"मी ठरवलेला भाव मोडतो का कधी? मंग!"

ती हसली आणि तयार झाली.

मी सिस्टरकडे गेले. तिने आधी सरळ नाही म्हटलं. मी उठलेच नाही. शेवटी ठरलं की तपासणी करून निगेटिव्हचा कागद आणायचा, अंगभर घालायचं किट स्वतः आणायचं आणि एकदा आत गेल्यावर बाळंतपण होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. "मग सोडीन," ती म्हणाली. दोन बायकांसमोर म्हणाली. मी भाजीच्या गाडीतून साकोलीला जाऊन कागद आणला, किटही मिळवलं.

कळा सकाळी सुरू झाल्या. पोरीला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं आणि चौकीदाराने मला फाटकावर अडवलं. सिस्टर पायरीवर आली, माझ्या हातातल्या कागदाकडे न बघता म्हणाली, "काल नवीन आदेश आला," आणि वळून गेली.

मी भांडत उभी राहिले. तेवढ्यात एक बाई थर्मास घेऊन माझ्या बाजूने आत गेली. कागद नाही, किट नाही.

"तिले काहून सोडलं रे?"

"साहेबाची सासू हाय, बाई. माही नोकरी खाशीन का?"

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपार होईपर्यंत बोलत होते.

मग आतली आया बाहेर आली. माझ्या ओळखीची, भाजी माझ्याकडूनच नेणारी. खाली मान घालून बोलली. "पोरगी जोरच लावून नाही राहिली, बाई. सिस्टर ओरडली, डॉक्टर ओरडले. म्हणे, मावशी सांगन तवा. किटमंधी तं सारे सारखेच दिसतेत. एकेकीले इचारे, मावशी, तूच काय?"

मुलगी झाली होती. ती रडली नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

आयाने आणखी एक सांगितलं. त्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला आहे आणि तिची काच फुटलेली आहे. तिथून हाक मारली असती तर आत ऐकू गेली असती. मी पुढच्या फाटकावर हक्कासाठी भांडत होते.

पोरगी घरी आल्यावर तिला दूध आलं. छाती दगडासारखी झाली. मी फडकं गार पाण्यात पिळून तिला बांधत होते, तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, मी कोनाचंच नाही ऐकलं. तू सांगतलं होतं ना, तसंच केलं." तिला वाटत होतं, मी तिला शाबासकी देईन.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. शिकवण माझी होती आणि ती चुकली, हेही सांगितलं. ती भिंतीकडे कूस बदलून पडून राहिली. त्यानंतर मी कोणत्याही पोरीला ते वाक्य शिकवलेलं नाही.

पुढे एकदा सिस्टर बसस्टँडवर भेटली. "आदेश होता काकू, आमच्या हाती काय असते?" म्हणाली आणि बसमध्ये चढली. हे उत्तर नाही. आदेश होता तर तो सगळ्यांना हवा होता. सिस्टर, माझ्या वाट्याचं उत्तर मी त्या पोरीला दिलं. आता तुम्ही तिच्या ओसरीवर या, तोंडावरचा मास्क काढा आणि तिला सांगा, शब्द देऊन तुम्ही मला बाहेर का ठेवलंत?