काकूंच्या मशीनचा पट्टा

आमचे काका जळालेल्या मोटरी भरून देतात आणि उरलेल्या वेळात लढाऊ रोबोट बनवून स्पर्धेत हरतात. या खेपेला काकूंनी निक्षून सांगितलं होतं, "एकही लढत जिंकला नाहीत, तर मागची खोली माझ्या स्वयंपाकघरातल्या शिलाई मशीनला." काकांचे रोबोट त्याच खोलीत बनतात; तिच्याबाहेर त्यांचा जीव कुठेच रमत नाही.

सकाळची लढत गेलीच. घरी काका रोबोटच्या फिरत्या पात्याला निवांत वेळ देऊन भन्नाट वेगात आणायचे. रिंगणात पातं जेमतेम फिरू लागलं, तोच समोरच्याने धडक दिली. पातं अडकलं, मोटर जळाली. आता एक मोटर आणि एकच लढत उरली होती.

"पात्याला दुप्पट मोठी पुली लावा," मी म्हणालो.

"वेग निम्मा होईल रे."

"होऊ दे, पण लगेच तरी मिळेल. तुमचा पूर्ण वेग शोकसभेला पोचतो."

काकांनी पुली बदलली, तर जुना पट्टा पुरेना. ते जमिनीवरच बसले.

काकूंनी पिशवीतून मशीनचा नवाकोरा चामडी पट्टा काढला. खोली मिळणार या खात्रीने त्यांनी तो येतानाच घेतला होता.

"घ्या, हवा तेवढा कापा."

काकांनी तो कापून तारेने जोडला. घंटा होताच पात्याने वेग घेतला. पहिल्याच टोल्यात पट्टा तुटला, पण तोवर समोरचा रोबोट उताणा पडला होता.

"मशीन राहू दे स्वयंपाकघरात," काकू म्हणाल्या. "पण पट्टा आजच आणून द्यायचा."