रोज एक वाक्य

त्या वर्षी मी देवाला हाक मारायची सोडली नव्हती, पण हाक मारून झाल्यावर क्षणभर थांबायची सोडली होती. आई गेल्यापासून हे असं झालं. तिच्या शेवटच्या दुखण्यात महाडातल्या आमच्या आळीच्या दत्तमंदिरात मी किती प्रदक्षिणा घातल्या असतील, कोण जाणे. आई गेली. त्याचा राग नव्हता. तिचं वय झालं होतं, हाल संपले. पण नंतर पहाटे माळ घेऊन बसलं की पूर्वी समोर कुणी आहे असं जे वाटायचं, ते वाटेना. पूर्वी दहा-बारा मणी सरेपर्यंत मन आपोआप निवायचं. आता एकशे आठ मणी सरायचे आणि मी उठून डब्याच्या पोळ्या लाटायला लागायची. अबोला धरलेल्या माणसाबरोबर एका घरात राहावं, तसं आमचं चाललं होतं. मला दत्तमहाराज हवे होते, आणि हवे आहेत हे त्यांना सांगायचीही लाज वाटत होती.

माझं काम जरा वेगळं आहे. आजारपणामुळे ज्या मुलांना शाळेत येता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन मी शिकवते. कुणी बिरवाडीत कामगाराच्या एका खोलीत खाटेवर असतं, कुणी वीर स्टेशनाजवळच्या घरात. या सगळ्यांत लांब होती सगुणा. कापडे गावात एसटीतून उतरायचं आणि मग दीड तास डोंगर चढायचा. वर धनगरांची सात-आठ घरांची वाडी. सगुणा तिथली, बारा वर्षांची, सहावीतली. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला, सांधे सुजले. घरच्यांना वाटलं, वारं लागलं असेल. ताप उतरला, पण जाता जाता हृदयाची एक झडप खराब करून गेला. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, रोज गोळ्या, आणि आज ना उद्या मुंबईला ऑपरेशन, असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचे वडील म्हणायचे, "बघू, दिवाळी होऊन जाऊ दे." मुंबईचं नाव निघालं की ते उठून गोठ्याकडे जायचे. डोंगराची चढ-उतार तिला बंद झाली, आणि शाळा तर खाली गावात.

ओटीवर बसलं की झाडांच्या फटीतून तिला शाळेचे लाल पत्रे दिसायचे. मी पोचले की म्हणायची, "बाई, आदी हजेरी घ्या." आणि हजेरी तिच्या एकटीची नाही, सगळ्या वर्गाची. तिच्या आग्रहामुळे मी सतरा मुलांची नावं पाठ केली होती. मी एकेक नाव घ्यायची, आणि प्रत्येक नावानंतर ती गप्प राहून त्या पत्र्यांकडे बघायची, जणू खालून उत्तर यायला वेळ देत होती. तिचं स्वतःचं नाव आलं की एवढ्या जोरात "हजर, बाई!" म्हणायची की मग दोन मिनिटं तिला धाप लागायची. मी म्हणायची, "अगं, हळू म्हण." ती मान हलवायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसंच.

एकदा एक सहकारी जेवताना मला म्हणाल्या, "त्या पोरीला अपूर्णांक शिकवून काय करणार आहेस तू?" बोलण्यात दुष्टावा नव्हता. माझी धावपळ बघून काळजीनंच त्या बोलल्या होत्या. मी काहीतरी उत्तर दिलं, पण डबा अर्धाच ठेवून उठले. कारण हाच प्रश्न त्या डोंगराच्या अर्ध्या चढावर, एका दगडावर दम खाताना, मला दर वेळी पडायचा. आईसाठी केलेला जप आणि सगुणाला शिकवलेलं गणित, दोन्ही मला एकाच माळेचे मणी वाटू लागले होते. ओढत न्यायचे, आणि पलीकडे कुणी नाही.

जूनमध्ये वाट निसरडी व्हायच्या आधी मी शेवटची वर गेले, तेव्हा तिला एक कोरी वही दिली. म्हटलं, "आता पावसात माझं येणं कमी होईल. रोज एक वाक्य लिहायचं. आपण पाहिलेलं, आपल्याला झालेलं. आणि खरं."

"खोटं लिवलं तर?"

"मला कळेल."

"कसं कळंल?"

मी वहीवर तिचं नाव घालू लागले. ती ते बघत मोठ्या मनानं म्हणाली, "बरं, खरंच लिवते."

पुढच्या आठवड्यात दरड आली आणि वाडीची वाट बुजली. वर मोबाईलला रेंज नाही. खिंडीच्या अंगानं एक लांबची वाट आहे, असं कुणीसं म्हणत होतं. पण वाटेत ओढे, आणि पावसाचा जोर. खरं सांगायचं तर त्या वाटेची मी नीट चौकशीही केली नाही. वाट बंद झाल्याचं मला कुठेतरी बरं वाटलं होतं. महिना होत आला तेव्हा मी अर्ज लिहिला, 'मला घरभेटींच्या कामातून मोकळं करून कार्यालयात बसण्याचं काम द्यावं', आणि तो द्यायला पोलादपूरला गेले.

एसटीतून उतरले तर पाऊस असा की स्टँडवरून हलायची सोय नाही. शेडमध्ये बाकावर बसून राहिले. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. साठी उलटलेली असावी. नऊवारी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, मांडीवर टोपली, तिच्यात टाकळ्याच्या भाजीच्या जुड्या. थोडा वेळ ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "त्या डोंगरावरल्या पोरीच्या बाई तुमीच ना वो?"

मी हो म्हटलं. तिनं भाजीखाली हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. "ही तुमची ठेव. दोन दिस माज्या टोपलीत हाय. पर भिजू नाय दिली."

"आजी, तुम्ही मला ओळखलंत कसं?"

"वळखलं," एवढंच म्हणून ती हसली. तिची गाडी लागली होती. टोपली उचलून ती पावसातच निघाली. मी वही उघडत होते, त्यामुळे ती कुठल्या गाडीत चढली तेही पाहिलं नाही.

वही शेवटच्या पानापर्यंत भरली होती. आधी गणितं, मग वाक्यं. रोज एक, त्यापुढे वार.

'आज ढवळी गायीला पाडी झाली. तिला उभे राहता येत नव्हते मग राहिली.'

'आज धूके होते. शाळा दिसली नाही.'

'आज कौलातून पाणी गळून माझ्या गुडघ्यावर पडले.'

मी हसत वाचत होते. पुढच्या पानावर हसू विरलं.

'आज चप्पल पायात गेली नाही. पाय फुगले.'

'आज बसून झोपले. आडवे पडले की दम लागतो.'

'आज पण बसून झोपले. आईला सांगितले नाही. ती नाचणीच्या लावणीला जाते आणि माझे ऐकून रडते.'

आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, 'बाई, वही भरली. नवी द्या.'

दोन वर्षं त्या घरी जात होते. पाय सुजणं आणि आडवं पडल्यावर दम लागणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. तिच्या आईवडिलांनाही सांगितलं होतं. पण दोघांना वाचता येत नाही, आणि पोरीनं पाय गोधडीखाली लपवले होते. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तिला कसंही करून रस्त्यापर्यंत आणा, रुग्णवाहिका मी कापड्याला पाठवतो." अर्ज पिशवीतच राहिला. मिळेल त्या रिक्षानं कापडे गाठलं, भाताच्या शेतात लावणीला उतरलेल्या दोघांना हाक मारली, आणि ते पाय धुऊन, काही न विचारता, खिंडीची वाट दाखवायला माझ्यापुढे चालू लागले. दोन ओढे मी त्यांचा हात धरून ओलांडले. त्या तीन तासांत मी जप केला नाही. पावलागणिक फक्त 'थांब गं, थांब' एवढंच तोंडात होतं. ते मी सगुणाला म्हणत होते की आणखी कुणाला, सांगता येणार नाही.

ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. तिच्या वडिलांना मी वहीतली वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवली. ऐकता ऐकता ते खाली बसले. "माज्याच हातानं खिंडीतनं खाली नेली गो ही वही," ते बायकोला म्हणाले, "आन् मला ठावं नाय तिच्यात काय हाय." मग एकदम उठले. घोंगडीची झोळी बांबूला बांधली, वाडीतले चौघे खांद्याला लागले. दिवाळीचं नाव कुणी काढलं नाही.

उतरताना मी झोळीच्या बाजूनं चालत होते. आतून आवाज आला, "बाई, वही तपासली?"

"तपासली."

"चुका किती?"

"एकच. धुके लिहिताना उकार दीर्घ काढलायस."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तिनं डोळे मिटले.

महाडच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेऊन तिला मुंबईला पाठवलं. ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं. मला जाता आलं नाही. त्या सकाळी मी देवळात बसले होते. माळ हातात होती, पण नाम येईना. मागायला गेले, तर मागणंही येईना. आईच्या वेळी सगळं मागून झालं होतं. शेवटी मनात एवढंच आलं, 'तुमची आहे. तुम्ही बघा.' त्यानंतर मी नुसती बसून राहिले. गाभाऱ्यात समई होती, बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. किती वेळ गेला कळलं नाही. कुणी दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पण पुष्कळ दिवसांनी मी हाक मारून थांबले होते, आणि ते थांबणं रिकामं नव्हतं. दुपारी फोन आला, ऑपरेशन नीट पार पडलं.

त्या म्हातारीला मी नंतर खूप शोधलं. सगुणाच्या वडिलांनी वही कापड्याच्या चहावाल्याकडे ठेवली होती. तो म्हणाला, "एक म्हातारी बोलली, मी देते बाईंना. मला वाटलं वाडीवरलीच असंल." वाडीवर विचारलं, तर "तशी आमच्यात कोन नाय." पोलादपूरच्या स्टँडवर मी त्या पावसाळ्यात कितीदा थांबले, भाजीवाल्या पुष्कळ भेटल्या, ती भेटली नाही. मैत्रीण म्हणते, महाराजच आले असतील. मी त्यावर मान हलवत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती कुठल्यातरी गावची एक साधी म्हातारी असेल, तर तिच्या पायावर डोकं ठेवायचं माझं राहून गेलं आहे. आणि ती दुसरी कुणी असेल, तरीही तेच राहून गेलं आहे.

सगुणा परत आली नाही. वरचेवर तपासणीला जावं लागतं, म्हणून ती मुंबईला मामाकडे राहिली, तिथल्याच शाळेत नाव घातलं. माझ्या मनात एक चित्र होतं, की खालच्या गावातल्या त्या लाल पत्र्यांच्या शाळेत मी तिला पहिल्या दिवशी सोडायला जाईन. जून उजाडला आणि एका सकाळी तिच्या आईचा फोन आला.

"बाई, आज गेली शाळंत."

"रडली का?"

"नाय वो. मी फाटकाशी उभी व्हते. बोलले, वळंल, मंग हात करीन. तिनं वळून पन नाय बघितलं. पोरींच्यात घुसली ती घुसलीच." आणि ती हसता हसता रडायला लागली.

फोन ठेवून मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. तिला शाळेत जाताना बघायचं एवढीच माझी इच्छा होती. ती पुरी झाली नाही, आणि मनात शोधूनही तक्रार सापडेना. महाराज, तुम्ही दिलंत. माझ्या डोळ्यांसमोर दिलं नाहीत, लांब दिलंत, पण जिचं तिला दिलंत. कधी, कुठे आणि कुणाच्या हातून, हे ठरवणं माझ्याकडे नाही, हे कळायला मला एवढा डोंगर चढावा लागला. तिची आठवण येते. तिचा आवाज ऐकावासा वाटतो. ही हुरहूर काढून घ्या, असं मी मागत नाही. ती असू द्या. तिच्यामुळेच रोज तुमच्यापाशी यावंसं वाटतं.