अठ्ठावन्न टक्के

माझ्या मुलीचं लग्न ठरवायला नांदगावचे पाहुणे आले, त्या दिवशी आमची सोलरची बॅटरी अठ्ठावन्न टक्के भरलेली होती. असं मीटर म्हणत होता. मीटरचं ऐकून मीही म्हणत होतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. ती रोज काठोकाठ भरली नाही आणि पार रिकामी केली नाही, तर तिचं आयुष्य वाढतं, हे मी मोबाईलवर वाचलं होतं. (मी गणिताचा निवृत्त मास्तर. अर्धी माहिती मिळाली तरी पूर्ण सिद्धता लिहितो!) वर्षभर मी तिला पंच्याऐंशीच्या पुढे जाऊ दिलं नाही. टळटळीत उन्हातही चार्जिंग बंद!

बायको म्हणायची, "अवो, एकदा तरी पोटभर खावक घाला तिका!"

"पोटभर जेवणारे लवकर जातात," मी सांगायचो. (चौथी भाकरी मोडता मोडता.)

तर त्या दिवशी. कट्टा गावाजवळ विजेच्या तारेवर माड पडल्यामुळे आदल्या दिवसापासून लाईट नव्हती आणि आभाळही भरलेलं. स्वयंपाकघरात सुरमईच्या सारासाठी मिक्सरमध्ये खोबऱ्याचं वाटप फिरत होतं, विहिरीवरचा पंप नुकताच रिकामी टाकी भरायला लागला होता, आणि बाहेरच्या खोलीत मी पाहुण्यांना पंख्याखाली बसवून व्याख्यान देत होतो.

"गावात लाईट नाय आणि तुमच्याकडे पंखो फिरता!" मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले.

"शिस्त!" मी म्हणालो. "शिस्त लावली तर ही बॅटरी आपल्या नातवंडांनासुद्धा पुरेल!"

'आपल्या नातवंडांना' ऐकून मुलगी लाजली, मुलगा खोकला, आणि पंखा थांबला.

"अवोऽऽ!" आतून हाक आली. "वाटप अर्ध्यार रवला!"

"अगं, अठ्ठावन्न टक्के आहे!"

"मगे तेच अठ्ठावन्न टक्के घाला सारात!"

तेवढ्यात मुलाचे वडील हात धुवायला गेले. त्यांनी साबण लावला आणि नळाने प्राण सोडला. फेसाळलेले हात वर धरून ते माझ्याकडे बघत राहिले. सोयरीक मोडली, असं मला खात्रीने वाटलं. माझ्यामुळे!

मी मालवणच्या सोलरवाल्याला फोन लावला. स्पीकरवर. (चूक त्याचीच आहे, हे पाहुण्यांना कळायला हवं होतं ना!)

"गुरुजी, बॅटरी शंभरार कधी नेलास?" त्याने विचारलं.

"कधीच नाही!" मी छाती काढून म्हणालो.

"थयंच चुकला! रोज कमी भरा, बरा आसा. पण महिन्यातसून एकदा पुरी भरूक होयी. तेव्हाच आतले सेल एका पातळीर येतत आणि मीटराक खरा काय ता कळता. तुमचो मीटर वर्षभर नुसतो अंदाज सांगता!"

मग मुलाची आई उठली, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाली, "पाटो खंय आसा गो? येवा, दोघी मिळान वाटूया."

साबणाचे हात घेऊन आम्ही पुरुष मंडळी विहिरीवर. मी मोठ्या आत्मविश्वासाने पाणी ओढायला घेतलं आणि कळशी दोरासकट विहिरीत सोडली. ती जावयाने (अजून ठरलं नव्हतं!) गळ टाकून वर काढली.

जेवायला चार वाजले. पण पाट्यावरच्या वाटपाचं ते सार! मुलाच्या वडिलांनी तीनदा भात घेतला, ढेकर दिला आणि गंभीर झाले.

"सोयरीक पक्की. पण एक अट आसा."

मी हात जोडले. "बोला."

"मांडवातली लाईट आमी बघतलाव."

मी ताबडतोब कबूल झालो. लग्नाच्या दिवशी त्यांनी नांदगावहून जनरेटर आणला, त्याच्याभोवती दोरी बांधली आणि वर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'मुलीच्या वडिलांनी हात लावू नये!'