आयर्लंडच्या बसड्रायव्हरची मुलगी

“बापाच्या वेळी टिपूस नाही गाळलं गो हिनं. आणि आता बघ, कानात ते घालून रडत बसते.”

आई फोनवर मावशीशी बोलत होती. ती स्वयंपाकघरात, मी बाहेर खिडकीपाशी, मधे फक्त पडदा. माझ्या कानांत इअरफोन होते म्हणून तिनं आवाज लहान केला नव्हता. मी ऐकत होते तो एपिसोड कधीच संपला होता, हे तिला माहीत नव्हतं.

“मुलगा? नाही गो, तसं काही वाटत नाही. विचारलं तर म्हणते पॉडकास्ट. रेडिओ ऐकून कोण रडतं?”

मी इअरफोन काढले नाहीत. उलट तिनं पडदा सारला तेव्हा काहीतरी ऐकत असल्यासारखी मान हलवली. आईसमोर असं नाटक करावं लागलं, याची लाज तिच्या वाक्यापेक्षा जास्त टोचली.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आई बोलली ते खरंच होतं, मी रडले नव्हते. तिनं त्याचा अर्थ काय लावला होता, ते मला त्या दिवशी कळलं. मला बाबांचं काही वाटलंच नाही, असं ती वर्षभर समजत होती.

बाबा गेले तेव्हा घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. गावाकडची, परळच्या जुन्या चाळीतली, बाबांच्या साकीनाक्याच्या वर्कशॉपमधली. आई आत बसलेली. दार माझ्याकडे आणि शेजारच्या काकूंनी भरून दिलेला चहाचा थर्मास माझ्याकडे. “फार वाईट झालं,” असं कुणी म्हणालं की काय म्हणायचं असतं, ते मला येत नव्हतं. शाळा इंग्रजी, ऑफिस इंग्रजी. माझी मराठी ‘वाढ ना’ आणि ‘चार्जर कुठंय’ एवढ्यावर भागत आली होती. मी प्रत्येकाला “थँक यू” म्हणत होते. वर्कशॉपमधले एक काका उठले, तेव्हा मी दारापर्यंत गेले आणि शाळेत शिकवलेल्या अदबीनं म्हणाले, “थँक यू काका. परत या हं.”

काका चप्पल घालता घालता थांबले. अशा घरातून निघताना पाहुणा ‘येतो’ म्हणत नाही, घरचे ‘या’ म्हणत नाहीत. न बोलता उठून जायचं असतं.

“अगं, लग्नघर आहे का हे?” मागून आत्या म्हणाली. “परत या काय, परत या!”

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. काका जिना उतरले. तेराव्यापर्यंत मी मग तोंड उघडलं नाही. कप विसळायला बाथरूममध्ये जायचे, तेव्हा इअरफोन लावायचे.

पॉडकास्ट शोधणं असं सुरू झालं. मला फक्त उत्तर द्यावं लागणार नाही असा माणसाचा आवाज हवा होता. आधी जे सापडले ते यशस्वी कसं व्हायचं ते सांगणारे, आपल्याच विनोदाला हसणारे, मधेच गादीची जाहिरात करणारे. कंटाळले. मग कॅनडातल्या एका कार्यक्रमात शेवटी आभार मानताना न्यूझीलंडच्या एका निर्मातीचं नाव आलं. ते शोधत न्यूझीलंडच्या सार्वजनिक रेडिओवर पोचले, तिथून आयर्लंड, तिथून फिनलंड. लोकांच्या पैशावर चालणारी केंद्रं. त्यांना काही विकायचं नसतं, त्यामुळे घाईही नसते. मेंढ्यांची लोकर कातरणारा म्हातारा अर्धा तास आपल्या गुडघ्यांबद्दल बोलतो आणि कुणी त्याला अडवत नाही. चांगला कार्यक्रम मिळाला की त्याच्या निर्मात्याचं नाव धरून पुढचा शोधायचा, ही माझी पद्धत झाली. ऑफिसात माझ्या यादीचं कौतुक झालं. “तू कुठून कुठून काढतेस यार!” असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं.

पण त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसाठी माझे डोळे भरून आले होते, आणि आई रोज भिंत धरून उठते हे मी बघून न बघितल्यासारखं करत होते. मावशीच्या फोननंतर ते सारखं डोळ्यांपुढे यायला लागलं.

पुढच्या रविवारी आईनं मोड आलेले वाल परातीत घेऊन हाक मारली.

“ये, हात लाव. बिरडं करते. आणि ते तुझं लाव जरा, मोठ्यानं.”

“काय?”

“ज्याच्यावर रडतेस ते.”

“इंग्लिश आहे गं.”

“मग तू सांग ना. एवढं शिकवलंय कशाला?”

मी फोन परातीशेजारी उभा केला. थोडं ऐकायचं, थांबवायचं, सांगायचं.

“आयर्लंडची बाई आहे. तिचे वडील बस चालवायचे.”

“एसटी?”

“तसलीच. गावागावांतून जाणारी. ते गेले तेव्हा घर माणसांनी भरलं. ही सगळ्यांना चहा देत राहिली.”

“तिकडेपण चहाच?”

“चहा आणि सँडविच.”

“सँडविच!” आई वालाचं साल काढता काढता थांबली. “आपल्याकडे तो वरच्या मजल्यावरचा मेला विचारत होता, बिनसाखरेचा आहे का म्हणून.”

मला हसू आलं. तीही हसली. त्या दिवसांबद्दल आम्ही दोघी पहिल्यांदाच बोलत होतो.

“पुढे?”

“पुढे ती एकदा त्याच बसनं गेली. ड्रायव्हर नवीन. एका वळणावर, म्हणजे पलीकडचं दिसत नाही असं वळण, तिथे त्यानं हॉर्न दिला. तिचे वडील तिथेच द्यायचे. घरी कळायचं, आले म्हणून. नवीन ड्रायव्हरला ते काहीच माहीत नव्हतं. पण ती रडायला लागली. आधी रडली नव्हती.”

मी पुढचं लावलं. मुलाखत घेणाऱ्यानं प्रश्न विचारला आणि त्यानंतर काहीच येईना. फक्त कुठेतरी लांब भांड्याचा आवाज.

“बंद पडलं काय?”

“नाही. ती गप्प आहे. हे लोक असं कापत नाहीत, राहू देतात.”

“त्यानं काय विचारलं?”

“तेव्हा का नाही रडलीस, असं.”

परातीतलं पाणी गढूळ झालं होतं. आईनं त्यातून हात काढले आणि पदराला पुसले. बाई बोलायला लागणार इतक्यात आईनं ओलसर बोटानं फोनवर दाबलं. आवाज थांबला.

“तिचं राहू दे,” ती म्हणाली. “तू का नाही रडलीस?”

मला इंग्रजीत उत्तर सुचलं, चांगलं, पूर्ण वाक्यात. ते मी गिळलं. मराठीत शब्द जुळवायला वेळ लागला. तेवढा वेळ आई माझ्याकडे न बघता वाल चाचपत राहिली.

“आई, मला तेव्हा रडायचीसुद्धा भीती वाटत होती गं,” मी म्हणाले. “तेही माझं चुकेल असं वाटत होतं.”